मायतेची खोली आता नेहमी आवरलेली असते

मित्रांनो, मी एक लाकडी पेटी आहे. माझं वय फार नाही, पण माझ्या फळ्या जुन्या आहेत. चिलीच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात अन्सेल्मो नावाचा म्हातारा राहत होता. त्याची होडी खडकावर आपटून फुटली, तेव्हा तिच्या धड राहिलेल्या फळ्या त्याने घरी वाहून आणल्या. त्याच वर्षी त्याला नात झाली. तिची खेळणी ठेवायला त्याने त्या फळ्यांतून मला घडवलं. ओल्या हवेत अजूनही माझ्या अंगाला डांबराचा वास येतो.

नातीचं नाव मायते. ती चालू लागली आणि माझे कामाचे दिवस सुरू झाले. सकाळी उठली की ती माझ्यात वाकून सगळं बाहेर फेकायची. बाहुल्या, शिंपले, ठोकळे, आजोबांनी केलेला लाकडी ट्रक. आवरायची वेळ आली की मात्र तिचं पोट दुखायचं. तिची आई यास्ना मासळीच्या कारखान्यातून थकून यायची आणि दारातच कमरेवर हात ठेवायची.

"मायते! हे काय मांडून ठेवलंयस? उचल आधी!"

"मी दमलेय."

"तू दमलीस? बरं. उद्या सगळं समुद्रातच टाकते."

"कालपण हेच म्हणालीस."

म्हातारा खुदकन हसायचा. "बाबा, हसू नका," यास्ना चिडायची. "उद्या जमीन हलली तर ही पळणार कुठून?"

मग म्हातारा गुडघे धरत माझ्याजवळ खाली बसायचा. मायते त्याला ताता म्हणायची.

"वादळ येतंय गं! मासळी होडीत भर पटापट!"

"ताता, ही बाहुली कुठला मासा?"

"ती होय? ती मोरी. शेपटीकडून धर, नाहीतर चावेल!"

हसत-खिदळत मी काठोकाठ भरून जायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते.

एकदा दुपारी दोघं अशीच मला भरत होती. निम्मी खेळणी अजून जमिनीवर होती. तेवढ्यात चुलीवरच्या पावाचा वास आला. "राहू दे गं," ताता म्हणाला, "आधी गरम गरम खाऊन घे. उरलेले मासे मग पकडू." मायतेने खाल्लं आणि ती पलंगावर येऊन झोपली.

ती झोपेत असतानाच जमीन हलली. मी या भिंतीकडून त्या भिंतीकडे घसरत गेले. काचा फुटल्या. मायते किंचाळली, "ताता!" म्हातारा धावत आला आणि त्याचा पाय नेमका त्या ट्रकवर पडला. तो आडवा कोसळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरीही तो सरपटत पलंगापाशी आला आणि नातीला खाली ओढून धरणी थांबेपर्यंत माझ्या आडोशाला तिच्यावर पांघरूण होऊन पडून राहिला. मग समुद्र आत येण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. शेजारचा निबाल्दो म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन टेकडी चढला. मायते रडत मागे गेली.

समुद्र त्या दिवशी आत आला नाही. पण ताता पुन्हा उठला नाही. कंबरेचं हाड सांधलं नाही, मग छातीत कफ भरला. हिवाळा सरण्याआधीच तो गेला.

मातीवरून माणसं घरी आली. यास्ना कॉफीचे कप गोळा करत या खोलीत आली आणि तिला जमिनीवर एक ठोकळा दिसला.

"कितीदा सांगितलं होतं तुला! वेळेवर उचललं असतंस तर आज ताता असता!"

यास्नाने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. मग तो ट्रक उचलून तिने चुलीत घातला.

'राहू दे' कोण म्हणालं होतं, ते मी ऐकलं होतं. मायतेनेही ऐकलं होतं. पण तिने वाकून तो ठोकळा उचलला आणि माझ्यात ठेवला.

तेव्हापासून खोली लख्ख असते. बायका येतात, म्हणतात, "काय शहाणी पोर गं तुझी! आमच्या कार्ट्यांना शिकवायला पाठव." माझंही कौतुक होतं. मायते पाय वर घेऊन पलंगावर बसून असते. तिचे बूटसुद्धा भिंतीला चिकटून असतात. माझं झाकण कुणी उघडत नाही. ओलीने ते फुगून बसलं.

परवा यास्नाने जोर लावून ते उघडलं. सगळी खेळणी जमिनीवर ओतली आणि दारापाशी उभी राहिली. "खेळ बाळा. मी आवरेन नंतर."

मायते पलंगावरून उतरली आणि भराभर उचलू लागली.

"आई, तिथून बाजूला हो."

"का गं?"

"पडशील."

यास्ना दारातच खाली बसली. "मी त्या दिवशी बोलले ते खोटं होतं, मायते. तुझी चूक नव्हती गं."

"हो," मायते म्हणाली, आणि उचलत राहिली.

मित्रांनो, आपली खोली जरूर आवरा. पण तुमच्या घरातलं एखादं लहान मूल एकाएकी फार शहाणं झालं, तर शाबासकी देण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा. यास्ना आता रोज संध्याकाळी येऊन जमिनीवर बसते. मायते अजून तिच्याजवळ आलेली नाही.