हरकत न—

कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये त्या ज्युनियर वकील बाईचं नावच 'हरकतनाही' पडलं होतं. कुणी खुर्ची ओढून नेली, पायावर पाय दिला, तरी बाई म्हणणार, "हरकत नाही." तिचे सीनियर म्हणजे सख्खे मामा. ते कपाळाला हात लावत. "अगं, ही जीभ एक दिवस अशिलाचा गळा कापेल."

तो दिवस उजाडला आणि मामा नेमके तापाने अंथरुणात.

अशील म्हणजे शेजारच्या शिंपीणकाकू. त्यांच्या दुकानावर दिराने दावा ठोकला होता. पुरावा काय, तर दुकान त्याला दिल्याच्या, काकूंच्या सहीच्या करारनाम्याची झेरॉक्स. मूळ कागद म्हणे हरवला. "कागद दाखल होताना बोललीस तर बोललीस," मामांनी फोनवर बजावलं. "नंतर अपिलात गळा काढून उपयोग नाही."

कोर्टाच्या दारात काकू म्हणाल्या, "तुझ्या कोटाची बाही उसवलीय गं. देतेस शिवायला?"

"असू द्या काकू, हरकत नाही."

घ्या. जित्याची खोड.

दिराचा वकील मोठा बेरकी. कागद पुढे सरकवत तो गोड हसला. "बाईंची हरकत नसावी."

न्यायाधीशांनी मान वर केली. "काय हो, आहे का?"

ती उठली.

"हरकत न—"

मागे काकूंचा श्वास अडकला. बाईंचा 'न' तर दाताबाहेर पडला होता, गिळायची सोय नव्हती. मग तिने त्यालाच कामाला लावलं.

"—नोंदवून घ्या, साहेब. मूळ कागदाशिवाय ही झेरॉक्स पुराव्यात घ्यायला आमची हरकत आहे."

"फेटाळली. पुढे चला."

टायपिस्टची बोटं हललीच नव्हती. बाई मात्र खाली बसेना.

"फेटाळली, तेही लिहून घ्यावं, साहेब."

साहेबांनी भुवया चढवल्या. मग मान हलवली आणि टाइपरायटर खडखडला. त्या आवाजाने तिला इतका आनंद झाला की हरकत फेटाळली गेल्याचं भानही राहिलं नाही.

दावा ती हरली. मामांनी मात्र निकाल वाचायच्या आधी टाइप झालेली ती ओळ वाचली आणि ते नाचायचेच बाकी राहिले.

अपिलात वरच्या कोर्टाचा पहिलाच प्रश्न आला, "तेव्हा हरकत घेतली होती का?" तिने ओळीवर बोट ठेवलं. झेरॉक्स पुराव्यातून बाद झाली आणि दिराचा दावा तिच्यामागोमाग कोसळला.

बाहेर येताच काकूंनी डोळे पुसले. "कोट काढ."

"कशाला?"

"ती बाही अजून उसवलेलीच आहे, शिवते. चल दुकानात. माझ्या दुकानात."

ती सवयीने तोंड उघडणार होती. मग मुकाट्याने कोट काढून दिला.