मोठ्या स्टँडखालची फरशी

"बारदान उचलू नको!" फकिरा ओरडला, पण तोवर प्रतिभानं झाडू बाजूला ठेवून बारदानाचं टोक उचललंही होतं.

पार्किंगच्या पांढऱ्या फरशीवर दोन लांब ओरखडे होते आणि त्यांच्याभोवती पिवळा डाग पसरला होता.

"आबा, हे काय हो?"

"गाडीचा मोठा स्टँड घासला," फकिरा खाली बघत म्हणाला. "माल लादलेला असला का काढताना ओढतो. फरशी झाकावी म्हणून बारदान टाकलं, तर त्येचा रंग उतरला."

झेंडूचं ओलं बारदान पांढऱ्या फरशीवर अंथरायची अक्कल फुलवाल्यालाच सुचावी. मळ्यात ऊन लागलं की बारदान, गारठा पडला की बारदान, बसायला बारदान. ओरखडे तसे बारीक होते, डाग मात्र चांगला परातीएवढा झाला होता.

बायको गेल्यावर फकिरा मखमलाबादच्या मळ्यातल्या खोलीत एकटाच राहायचा. गेल्या महिन्यात लेकीनं, प्रतिभानं, हट्टानं त्याला सातपूरला आपल्या नव्या घरी आणलं. संध्याकाळी तो मळ्यातून झेंडू लादून आणी आणि पहाटे फुलबाजार गाठी. पण जावयाच्या घरात राहायचं म्हणजे अंग चोरूनच राहायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात या फरश्या जावयानं, राजनं, दुकानं पालथी घालून निवडलेल्या. सुट्टीच्या दिवशी तो स्वतः त्या पुसायचा.

"मी सांगते त्यांना," प्रतिभा म्हणाली.

"नको. मीच सांगतो. आन् मळ्यातल्या खोलीवर जातो परत. पाव्हण्यांनी तोंड वाकडं करायच्या आत गेलेलं बरं."

"लय शहाणे आहात," प्रतिभा म्हणाली आणि रागानं झाडू लागली.

कारखान्यातली पहिली पाळी करून राज आला. फाटकातच थबकला. उकिडवा बसून त्यानं ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"पाव्हणं, चूक माझी हाय. मी आपला मळ्यातच राहतो. तिथं मातीच हाय, कितीबी घासा."

राज बूटही न काढता तसाच गाडीवरून निघून गेला.

झालं. फकिरा आत गेला आणि पिशवीत कपडे भरू लागला. प्रतिभा दारात उभी राहून बडबडत होती, त्याला ऐकू येत नव्हतं. पोरीच्या संसारात आपल्यापायी वितुष्ट नको, एवढंच त्याला कळत होतं.

पिशवी घेऊन तो बाहेर आला तर राज परत आला होता. काखेत जाड काळ्या रबराची गुंडाळी, हातात चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा.

"पिशवी ठेवा खाली, मामा. गाडी घ्या आत. स्टँड लावा, पाय कुठं टेकतात बघू द्या."

फकिरानं स्टँड लावला, काढला. राजनं खडूनं खुणा केल्या आणि रबर चांगलं ऐसपैस कापलं. "मागं ओढतो ना, म्हणून लांब घेतो."

तो डबा उघडू लागला तसा फकिरा पुढे झाला. "नुसतं टाका. चिकटवू नका. मागनं निघायचं नाय ते."

"काढायचंय कशाला?"

"मी गेल्यावर..."

"कुठं जाताय?" राजचा आवाज पहिल्यांदाच चढला. "फरशी आहे, घासणारच. तुम्ही गाडी लावावी म्हणून तर ही बाजू रिकामी ठेवली. आणि तुम्ही ओरखडे झाकत बसता? मला वाटलं, मामांना करमत नाही इथं, निमित्तच शोधतायत."

"तसं नाय हो, पाव्हणं..." फकिराला इतकं हलकं वाटलं, की हसू आलं आणि डोळेही भरले. प्रतिभानं पिशवी उचलली आणि आत नेली.

राजनं रबर फरशीवर बसवलं. फकिरा गुडघे टेकून तळव्यानं ते दाबत दाबत टोकापर्यंत गेला. तिथं एक कोपरा वर येत होता.

"इथं सोल्यूशन कमी पडलंय," तो म्हणाला. "आजून लावा. पक्कं बसू द्या."