‘चालू औषधे’चा रकाना

चारचौघांत अब्रू जाऊ नये म्हणून आपण काय काय झाकतो, वाचकहो! या हेडक्लार्कने तर सख्ख्या भावाच्या गोळ्या झाकल्या.

धाकटा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. चार महिन्यांपूर्वी त्याला एचआयव्ही असल्याचं निदान झालं, तेही उशिराच. गोळ्या सुरू झाल्या, तोवर मानेला गाठ आली. तपासणीत लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग; आणि छातीत टीबी. दुष्काळात तेरावा महिना!

जुन्या दवाखान्यात ओळखीचे फार, म्हणून मोठ्या भावाने त्याला लांबच्या रुग्णालयात आणलं. भरतीचा अर्ज स्वतः भरला. एक चौकट रिकामी राहिली तरी लोकांचे अर्ज परत पाठवणारा हा माणूस! पण ‘चालू औषधे’समोर त्याने सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिलं आणि गोळ्यांची बाटली आपल्या बॅगेत टाकली.

सोमवारी कर्करोगाचं औषध सुरू होणार होतं. शनिवारी वॉर्डातल्या वयस्कर सिस्टरनी पुन्हा विचारलं, "एचआयव्हीची तपासणी बाहेर केली म्हणालात. रिपोर्ट कुठाय?"

"घरी राहिला हो."

"तीन दिवस घरीच राहतोय?"

धाकट्याला ताप होता. तो हळूच म्हणाला, "दादा, माझ्या गोळ्या दे ना. पाच दिवस झाले."

सिस्टरना सगळं कळलं. त्या मोठ्याला आपल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावलं.

"सिस्टर, घरात लग्नाची मुलगी आहे माझ्या. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि मुठीत निखारा असला तर? गावभर सांगा असं कोण म्हणतंय? डॉक्टरांना सांगा. आम्ही बाहेर बोलत नाही."

"पण कॅन्सरवरच उपचार करायचेत ना?"

"अहो, एचआयव्हीनं त्यांची आजाराशी लढायची ताकद आधीच खाल्लीय. कॅन्सरच्या औषधानं ती आणखी कमी होते, मग टीबीला रान मोकळं. टीबीची काही औषधं एचआयव्हीच्या गोळ्यांचा जोर मोडतात. तिन्ही उपचार एकमेकांना सांभाळून बसवावे लागतात. तुम्ही डॉक्टरांचे डोळे बांधताय!"

"म्हणजे मी त्याला..."

"सोमवार अजून उजाडायचाय," सिस्टर म्हणाल्या.

हेडक्लार्कने बॅग उघडली. बाटलीवरचं लेबल त्याने नखांनी खरवडून काढलं होतं. स्वतःचंच ते काम बघून त्याला रडू फुटलं. मग त्याने अर्ज मागून घेतला, ‘नाही’ खोडलं आणि गोळ्यांचं नाव आठवून लिहिलं.

डॉक्टर रागावले, पण लगेच कामाला लागले. आधी टीबी आटोक्यात आणायचा ठरला, एचआयव्हीच्या गोळ्या टीबीच्या औषधांना जुळतील अशा दिल्या आणि कर्करोगाचं औषध थोडं पुढे ढकललं. गुण येईल का, हे तेव्हा कोणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं.

मोठा खाटेजवळ आला. "चुकलो रे मी."

"आजाराची भीती वाटतेच, दादा," धाकटा म्हणाला. "पण तुला माझी लाज वाटते, हे जास्त लागलं."

मोठ्याने खुर्ची ओढली आणि त्याचा हात हातात घेऊन तिथेच बसला. बघणारे बघत होते. त्याने मान वर केली नाही.

वाचकहो, एचआयव्हीवर औषध आहे, टीबीवर आहे, अशा कर्करोगावरही उपचार आहेत. पण डॉक्टरांपासून लपवलेल्या आजारावर औषध कोण देणार? आपलं माणूस आधी वाचवू या. अब्रू काय, ती आपल्या माणसामुळेच असते!