सकाळचं इंजेक्शन

"अरे वा! दुखलंच नाही की!"

दत्तात्रय हे सुनेला म्हणाले. मयुरा त्यांच्या शेजारी दिवाणावर बसली होती आणि तिच्या हातात ते निळं, शाईच्या पेनासारखं दिसणारं इन्सुलिनचं पेन होतं. त्यांची बायको सुनेत्रा लाटणं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गेली चौदा वर्षं सकाळ-संध्याकाळ ती या माणसाला सुई टोचत आली होती आणि त्यांनी एकदाही 'दुखलं' म्हटलं नव्हतं. म्हणजे दुखत होतं तर!

तव्यावरची पोळी करपली. तिने ती दत्तात्रयांच्याच ताटात वाढली.

दिल्लीतल्या नेताजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये हे दुखणं सुरू झालं तेव्हा सुई काचेच्या सिरिंजबरोबर उकळून घ्यावी लागे. त्याचं वेगळं छोटं पातेलं होतं; त्यात दुसरं काही शिजवायची कोणाची टाप नव्हती. डिस्पेन्सरीतल्या नर्सबाईंनी तिला संत्र्यावर टोचायला शिकवलं होतं. जूनमध्ये वीज तासन्‌तास जायची, तेव्हा इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवायची आणि मध्यरात्री उठून फडकं पुन्हा भिजवायचं. पुढे प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या, दत्तात्रय रिटायर झाले, नोएडाच्या सोसायटीत नवव्या मजल्यावर घर झालं. पण सकाळी साडेसातला डाव्या हाताच्या चिमटीत त्यांच्या दंडाची कातडी धरायची आणि उजव्या हाताने सुई खुपसायची, हे बदललं नाही. या इंजेक्शनापायी ती मिरजेला, माहेरी, धड चार दिवस राहिली नव्हती. वडिलांच्या आजारपणात गेली तीही तिसऱ्या दिवशी परतली. "यांचं इंजेक्शन असतं ना," असं ती सगळ्यांना सांगायची. सांगताना तक्रारीचा सूर लावायची, पण आत कुठेतरी छाती फुगलेली असायची.

आणि आता ही कोथरूडची मुलगी, मुलाशी, निहारशी, लग्न होऊन आठ महिने झालेली, गुडगावच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. सकाळी आठला हिची कॅब येते, रात्री आठला हिला सोडते. पण तेवढ्या वेळात हिने घरात साखर मोजायचं मशीन आणलं, फ्रिजवर खाण्यापिण्याचा तक्ता चिकटवला आणि सासऱ्याच्या पोटात पेन खुपसून दाखवलं. सुनेत्रा जळत होती. सुनेचं वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं, पण ते पेन एकदा खाली पडून फुटावं, असं मात्र देवापुढे बसल्यावरही वाटायचं.

सोसायटीच्या पार्कात दत्तात्रय शर्माजींना सांगत होते, "अजी, हमारी बहू ने तो कमाल कर दिया। पता ही नहीं चलता, सुई गई कि नहीं।"

चौदा वर्षांत पार्कात, ऑफिसात, बसस्टॉपवर सुनेत्राच्या हाताचं कौतुक कोणी केलं होतं? ती त्यांच्या मागून चालत होती. तिने मुद्दाम पावलं हळू केली, तरी ते थांबले नाहीत.

शेवटी तह झाला. संध्याकाळचं पेन, सकाळची सिरिंज. "सकाळी मुलीला घाई असते, तेव्हा मीच देईन," असं सुनेत्राने जाहीर करून टाकलं.

तह पंधरा दिवस टिकला. मग तो रविवार आला. सुनेत्राने स्नान केलं, पूजा केली आणि साडेसातला सिरिंजमध्ये चोवीस युनिटं भरून, कापसाला स्पिरिट लावून ती बाहेर आली. दत्तात्रयांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फ्रिजकडे पाहिलं, आणि बाही वर केली.

"अगं," नाश्त्याला बसल्यावर ते म्हणाले, "आज अजून एक पोळी वाढ. आणि केळं असेल तर तेही दे."

"केळं? आणि तक्त्यात बसतं का ते?"

"तक्ता राहू दे. तुझ्या हातची पोळी आज फार छान झालीय."

सुनेत्राचा चेहरा उजळला. तिने तिसरी पोळीही वाढली, तुपाचं बोट लावून. कुठे तो तक्ता आणि कुठे माझी पोळी, असं म्हणत ती ओट्यापाशी जवळजवळ गाणंच गुणगुणत होती.

साडेदहाला ती चहा घेऊन आली तेव्हा पेपर जमिनीवर पडला होता आणि दत्तात्रय भिंतीकडे बघत होते. वरच्या ओठावर घाम डवरला होता.

"अहो?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं ते अगदी परक्या बाईकडे पाहावं तसं. "मॅडम, आप बैठिए," ते अदबीने म्हणाले. "साहब अभी मीटिंग में हैं।"

"मयुरा!"

मयुरा धावत आली. मशीन काढलं, बोटाला टोचलं, आणि आकडा बघून ती ओरडलीच. "आई, साखर अडतीसवर उतरलीय! अँब्युलन्स बोलवू? निहारला उठवू?"

"आकडा नंतर वाच. साखरेचा डबा आण आधी. आणि वाटीत पाणी."

सुनेत्राने त्यांना छातीशी टेकवून बसवलं आणि चमचा चमचा साखरपाणी पाजलं. "गिळा. हं. अजून एक." दहा मिनिटांत घाम ओसरला. त्यांनी डोळे उघडून "सुनेत्रा, काय गं झालं?" असं विचारलं, तेव्हा तिने सुनेकडे पाहिलं. मयुरा रडकुंडीला आली होती. बघ, तुझ्या तक्त्यात हे लिहिलं होतं का, असं तिला फार म्हणावंसं वाटलं. म्हणालीही असती.

"पण आई, झालं कसं असं?" मयुराने डोळे पुसले. "चोवीस युनिटंच तर घेतली बाबांनी. मी समोर बसून घ्यायला लावलं, सात वाजता. म्हटलं, बिल्कुल सोपं आहे, आज सकाळचंही पेननेच करून बघा. तुम्ही पूजेला बसला होतात."

सुनेत्राच्या हातातला चमचा वाटीत पडला.

 दुपारी मुलं आपल्या खोलीत गेल्यावर ती दिवाणाच्या कडेला येऊन बसली.

"मी सिरिंज घेऊन आले, तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू भरून आणलं होतंस."

"म्हणून?"

दत्तात्रय चादरीची सुरकुती सारखी करत राहिले. "नको म्हटलं असतं तर तुझा चेहरा बघवला नसता मला."

"अहो, जीव गेला असता!"

"म्हणून तर पोळ्या जास्त खाल्ल्या."

तिला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. दोन्ही एकदम आवरता येईनात. पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "आणि दुखत होतं ना? इतकी वर्षं?"

"सुई आहे, दुखणारच. त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

दुसऱ्या दिवशी साडेसातला सुनेत्राने फ्रिजमधली सिरिंजने द्यायच्या इन्सुलिनची बाटली मागे सरकवली, पेन बाहेर काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "घ्या तुमचे तुम्ही," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

रात्री जेवताना ती सहज बोलावं तसं बोलली, "मी म्हणते, मिरजेला जाऊन येते. हेमलता कधीची बोलावतेय."

बोलून ती थांबली. हातातला घास तसाच राहिला. मग इंजेक्शनचं काय, असं आता कोणीतरी म्हणेल, याची ती वाट बघत होती.

"जा ना आई, नक्की जा!" मयुरा म्हणाली. "इथली काहीच काळजी करू नका."

"मी उद्याच रिझर्वेशन करून टाकतो," निहार म्हणाला.

"आणि घाईने परतू नकोस," दत्तात्रय मनापासून म्हणाले. "चांगली महिनाभर राहा बहिणीकडे."

"बरं," सुनेत्रा म्हणाली आणि घास तोंडात घातला.

निजामुद्दीन स्टेशनवर सगळे सोडायला आले होते. मयुराने वाटेसाठी मासिकं घेऊन दिली आणि वाकून नमस्कार केला. तिच्यावर राग धरायला आता जागाच उरली नव्हती, आणि याचाही सुनेत्राला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तेव्हा गाडी महाराष्ट्रात शिरली होती. फलाटावरच्या पाट्या मराठीत होत्या. समोरच्या बाईने चहा पुढे केला, तो तिने नको म्हणून परत केला. घड्याळात साडेसात झाले होते. तिने खाली पाहिलं, तर डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जवळ येऊन त्यांच्या चिमटीत तिच्याच पदराचं टोक धरलेलं होतं, घट्ट.

ते तिने सोडलं नाही. खिडकीबाहेर बघत बसून राहिली. आता घेतलं असेल त्यांनी. दुखलंही नसेल.