पप्पांच्या डब्यातली माझी गोळी

मला डायबिटीस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गोळीचं नाव ऐकलं की लोक तेच धरून बसतात. साखर नॉर्मल, इन्शुलिन नॉर्मल, वजन अठ्ठेचाळीस. सगळं झकास. फक्त पाळी येत नाही. म्हणजे येते, तिच्या मनात आलं की येते, वर्षातून तीन-चारदा. हनुवटीवरचे केस मात्र दर पंधरा दिवसांनी न चुकता. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने हे दोन विषय कुणाशी बोलायचे, सांगा बघू. मला नाही बोलता आले, आणि ते माझ्या आईला भोगावं लागलं.

बोरिवलीच्या डॉक्टर शुभा मॅडमनी सोनोग्राफी बघून पीसीओएस आहे म्हणून सांगितलं. हॉर्मोनच्या गोळ्या मला चालत नाहीत, त्याने डोकं फुटायची वेळ येते. म्हणून त्यांनी दुसरी गोळी लिहून दिली, मेटफॉर्मिन. नाव वाचलं आणि माझी सटकलीच. ही तर पप्पांची गोळी!

"मॅडम, रिपोर्ट तुमच्या समोर आहेत. साखर नाही, इन्शुलिनची भानगड नाही, मी जाडी नाही. मग डायबिटीसची गोळी मला कशाला?"

त्या चिडल्या नाहीत. "बरोबर विचारलंस," म्हणाल्या. "शरीर इन्शुलिनला दाद देत नसेल तर हिचा उपयोग जास्त. तुझ्यात तसं दिसत नाही. तरी काही जणींची पाळी हिने मार्गाला लागते. तुझी लागेलच असं मी म्हणणार नाही. आधी पाचशेची घे, पोट सांभाळलं की हजारची. तीन महिने बघू."

पाचशेच्या पहिल्या आठवड्यात पोटाची पार वाट लागली. ऑफिस साकीनाक्याला, तिथल्या बाथरूममध्येच माझा मुक्काम. निधी, माझ्या बाजूला बसते ती, विचारायची काय झालं. मी म्हणायचे, बाहेरचं खाल्लं.

गोळी रात्री जेवणानंतरची, म्हणजे घरात ठेवणं आलं. आमचं घर चारकोपला, एक खोली आणि किचन. माणसं चार: पप्पा, आई, माझा धाकटा भाऊ सिद्धेश आणि मी. कपाट सगळ्यांचं एक. माझी पर्स आई दर रविवारी उलटी करून झटकते, डब्याचं तेल सांडलेलं असतं म्हणून. लपवायला जागा नाहीच. आणि लपवायलाच हवं होतं, कारण भाऊकाकांनी स्थळ आणलं होतं.

भाऊकाका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ. आमच्या गावाच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचे सेक्रेटरी. महिन्याच्या पहिल्या रविवारी घाटकोपरला त्यांच्या घरी सभा भरते. गावच्या देवळाचा पत्रा, कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, सगळं तिथे ठरतं. एका बाईला कळलं की चाळीस घरांना कळलं. मुलुंडचा प्रांजल त्या सभेतच माझ्यासाठी सुचवला गेला. आता तिथे जर कळलं असतं की रुचिरा साखरेची गोळी घेते, आणि का घेते, तर पुढे बोलायलाच नको.

मग मला एक आयडिया सुचली. काय हुशार समजत होते मी स्वतःला! पप्पांच्या औषधांचा पत्र्याचा डबा फ्रिजवर असतो. तेच औषध, तीच कंपनी, तीच हिरवी पट्टी. माझी पट्टी त्यात तळाला, जुन्या कागदांखाली ठेवली. कुणी बघितली तरी पप्पांचीच वाटणार.

फरक एवढाच, की पप्पांची पाचशेची होती आणि माझी तोपर्यंत हजारची झाली होती. पप्पांची आधी हजारचीच होती. महिन्याभरापूर्वी किडनीचा रिपोर्ट बिघडला म्हणून डॉक्टरांनी अर्धी केली. तो कागद आईला वाचून मीच दाखवला. "हजारची बंद, उरलेल्या देऊ नकोस," हेही मीच सांगितलं. सोमवारी सकाळीच आई पायात चपला घालून नाक्यावरच्या केमिस्टकडे गेली आणि उरलेल्या पट्ट्या परत देऊन आली. मी त्या दिवशी ऑफिसला होते, रात्री तिने सांगितलं. मी हूं म्हटलं आणि मोबाइल बघत बसले.

आईची एक सवय आहे. फोडलेलं आधी संपवायचं. दुधाची पिशवी असो, बिस्किटांचा पुडा असो, आधीचा संपल्याशिवाय नवीन उघडायचा नाही. एका शुक्रवारी तिने डबा पुसायला काढला, तळाची फोडलेली पट्टी तिला दिसली आणि तिने ती आधी संपवायचं ठरवलं. पट्टीवरचा आकडा कशाला बघेल ती? त्या डब्यात आजवर पप्पांशिवाय कुणाचं औषध नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पप्पांना माझी गोळी सुरू झाली.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. सोमवारी मला एक-दोन गोळ्या कमी वाटल्या. म्हटलं, मोजताना चुकले असेन. मंगळवारी पट्टी वरच सापडली आणि मला कळलं. कळलं म्हणजे अगदी लख्ख कळलं. त्याच दिवशी पप्पांचं पोट बिघडलेलं होतं. आई म्हणत होती, सभेतले वडे बाधले. मोरीतून येणारा तो आवाज मी ओळखत होते, साकीनाक्याला मी तेच भोगलं होतं.

नुसतं म्हणायचं होतं, आई, ही पट्टी देऊ नकोस. पण मग ती विचारणार, का? कुणाची? पट्टी गुपचूप उचलायचाही विचार केला. अर्धी पट्टी गायब झाली असती तर आईने घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मी काय केलं? बुधवारी स्वतःसाठी नवीन पट्टी घेतली, ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दुपारच्या जेवणानंतर घ्यायला लागले, आणि ती जुनी डब्यात तशीच राहू दिली. महिन्यापूर्वीपर्यंत पप्पा हजारचीच घेत होते ना, दोन-चार दिवसांनी काय होतंय, अशी मनाची समजूत घातली. पोटच्या पोरीने केलं हे. लाज वाटते लिहायला.

शनिवारी सकाळी पप्पा मोरीच्या दारात कोसळले. उलट्या, जुलाब, अंगात पाणी नाही, जीभ कोरडी ठाक. कांदिवलीच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. किडनीचे आकडे भलतेच वर गेले होते. डॉक्टरांनी औषधं मागवली, सिद्धेश डबाच घेऊन आला. डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "ही हजारची कोण देतंय यांना?"

"मीच देते," आई म्हणाली.

"यांची पाचशे केली आहे ना? या किडनीला डबल डोस, त्यात जुलाब. अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं."

आईचा चेहरा बघवत नव्हता. "पण त्या मी परत दिलेल्या," ती म्हणाली. "केमिस्टला. सोमवार होता."

"परत दिल्या तर ही कुठून आली?" घाटकोपरहून धावत आलेले भाऊकाका ओरडले. "आकाशातून पडली? वहिनी, माणूस मेला असता!"

सिद्धेश केमिस्टला विचारून आला. तिथला माणूस म्हणाला, दिवसाला शंभर लोक येतात, काय लक्षात राहणार. आई पुन्हा म्हणाली, "दिलेल्या रे मी." मग जरा वेळाने, "दिलेल्या ना?" आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी पप्पांच्या सलाइनची नळी सरळ असतानाही सरळ करत बसले.

चार दिवसांनी पप्पा घरी आले, देवाच्या कृपेने सुधारलेही. आई मात्र बिघडली. गॅस बंद केला का, तीनदा बघायची. आमटीत मीठ घातलं का, मला विचारायची. औषधांचा डबा तिने माझ्या हातात दिला. "आजपासून तूच दे गो. माका माझो भरवसो नाय रवलो." मी घेतला. काय निर्लज्ज मुलगी बघा, घेतला.

पुढच्या सभेला आम्ही गेलो. मी चहा देत होते. देवळाचा विषय झाल्यावर भाऊकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या सुलक्षणावहिनींना हल्ली विसरायला होतं. वयच आहे. पण घरात लक्ष ठेवायला लागतं." बायका आईच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. कुणी ब्राह्मी सुचवली, कुणी बदाम. आई कसनुसं हसत होती. मी ट्रे पुढच्या बाईसमोर धरला. मुलुंडवाल्यांची आत्या समोरच बसली होती.

काकांनी मग स्मरणशक्तीच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली. सोमवारची, अंधेरीला.

आदल्या दिवशीची, रविवार सकाळची गोष्ट. पप्पा खाटेवर टीव्ही बघत होते, सिद्धेश क्रिकेटला गेला होता. मी किचनमध्ये गेले तर आई कोळंबी सोलत बसली होती आणि स्वतःशी पुटपुटत होती.

"शंभर. त्र्याण्णव. शहाऐंशी."

"काय गं हे?"

"सिद्धेश म्हणाला, तिथे शंभरातून सात-सात कमी करायला सांगतात. तारीख विचारतात, वार विचारतात. नाय जमलं तर वेड लागलं म्हणून लिहितात." ती पुन्हा सुरू झाली. "शहाऐंशी. एकोणऐंशी." मग अडली. ओल्या हाताची बोटं मोजली, पुन्हा मोजली. वर बघून मला म्हणाली, "एकोणऐंशीतून सात गेले किती गो? सकाळपासून इथेच अडतंय मी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बहात्तर म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

"आई, ती पट्टी माझी होती."

तिला आधी कळलंच नाही. मी खाली तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पाळीचं, बोरिवलीच्या डॉक्टरचं, डायबिटीस नसताना दिलेल्या गोळीचं. मंगळवारी कळलं होतं आणि मी गप्प बसले, हेही सांगितलं. बाहेर पप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसायलाच हवी होती. आईने हातातली कोळंबी खाली ठेवली.

"म्हणजे मी परत दिलेल्या?"

"हो."

"केमिस्टला? सोमवारी?"

"हो गं आई, दिलेल्यास तू. तू काही विसरली नव्हतीस."

तिने हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, "भावोजींना फोन लाव."

आणि मी, एवढं सगळं झाल्यावरही, काय म्हणाले असेन? "आई, त्यांना नको ना. आपण डॉक्टरची वेळ कॅन्सल करू. मंडळात कळेल सगळं. मुलुंडचं..."

"मला विसरायला होतं म्हणून त्यांनी मंडळात सांगितलं, तेव्हा तू चहा वाटत होतीस," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "लाव फोन."

लावला. आईने स्पीकर सुरू करायला लावला.

"काका, पप्पांना चुकून गेली ती हजारची पट्टी माझी होती. मी डब्यात लपवली होती."

"तुझी? तुला डायबिटीस आहे? अगं, मग आधी सांगायचं नाही? मी मुलुंडवाल्यांना काय तोंड दाखवू?"

"डायबिटीस नाही, काका. माझी पाळी नीट येत नाही. त्याच्यासाठी आहे ती गोळी."

आमच्याकडे आजही त्या दिवसांत पुरुषांसमोर 'बरं नाही' एवढंच म्हणतात. काकांशी तर मी कधी डोकं दुखतं म्हणूनही बोलले नव्हते. मग ते म्हणाले, "वहिनींना दे."

आईने फोन दोन्ही हातांत धरला. "भावोजी, त्या पट्ट्या मी परत दिलेल्या. मी तुम्हाला तेव्हापासून सांगत होते." तिने फोन आणखी जवळ धरला. "पुढच्या सभेत तेवढं सगळ्यांना सांगा. पोरीचं काही सांगू नका, तिचं लग्न व्हायचंय. वहिनी विसरली नव्हती, एवढंच सांगा."

"सांगतो," काका म्हणाले. "पण मग लोक विचारणार, पट्टी कुणाची होती? काय सांगू?"

आईने माझ्याकडे बघितलं. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा मला आधी मुलुंडवाल्यांची आत्याच आठवली. मग म्हणाले, "रुचिराची होती म्हणून सांगा."