जज्जसाहेबांच्या तोंडातली टॉफी

डरहॅमच्या कोर्टात कथबर्ट हेपल नावाचे एक न्यायाधीश होऊन गेले. त्यांच्या तोंडात खटला सुरू होताना टॉफी जायची आणि निकाल लागेपर्यंत बाहेर यायची नाही. गोडाची हौस म्हणून नव्हे. ती शिक्षा होती, आणि ती त्यांच्या बायकोने, मर्टलने, ठोठावली होती.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या छतावरचं शिसं चोरणारा एक भामटा त्यांच्यापुढे उभा होता. चोरी इतकी उघड होती की चोराच्या कुत्र्यानेसुद्धा कबुली दिली असती. पण सरकारी वकील मंद, बचावाचा त्याहून मंद, आणि हेपलसाहेबांची जीभ मात्र वळवळणारी. त्यांनी साक्षीदारांना स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली. एक विचारला, दुसरा विचारला, आणि बघता बघता दोन्ही वकील हाताची घडी घालून ऐकत बसले. वरच्या कोर्टाने मोजदाद केली तेव्हा वकिलांचे प्रश्न भरले चौऱ्याण्णव आणि साहेबांचे दोनशे चौदा. वरच्यांनी लिहिलं, 'ज्याने तराजू धरायचा त्यानेच पारड्यात उडी मारली.' चोर सुटला. जाताना त्याने साहेबांना आभाराचं कार्ड पाठवलं.

"आणखी एकदा असं झालं ना राजा," मर्टल म्हणाली, "तर ते तुला कुंपणांच्या भांडणांवर बसवतील. जन्मभर कुंपणं! तोंड उघडावंसं वाटलं की ही टाक." आणि तिने घरी केलेल्या टॉफीचा डबा पुढे केला. ती टॉफी काय होती म्हणता! एकदा तिचा तुकडा मोटारीच्या चाकाखाली सापडला, तर चाक बदलावं लागलं.

तर त्या मंगळवारी सकाळी तोंडात तिसरी टॉफी धरून साहेब आपल्या उंच खुर्चीत बसले होते. त्या दालनात पिंजरे दोन, असं लोक समजायचे, एक आरोपीचा आणि एक साक्षीदाराचा. तिसरा कुणाला दिसायचा नाही, कारण त्याला कोरीव सिंह होते आणि मखमलीची गादी होती. खिडक्या रंगाच्या थरांनी कायमच्या चिकटलेल्या. जज्जाच्या केसांच्या टोपाखाली डोकं शिजत होतं.

आरोपीच्या पिंजऱ्यात ॲलेक टनस्टॉल. कोल्डरिग गावचा, खाणीतून निवृत्त झालेला, बायको गेलेली, घरी चाळीस शर्यतीची कबुतरं. आरोप असा, की सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी त्याने शेजारच्या वाफ्यावरचं सेप लेडलरचं प्लास्टिकचं मांडवघर पेटवलं आणि त्यातले लीक जाळून राख केले. सेपच्या मांजराने टनस्टॉलचं एक कबूतर खाल्लं होतं, आणि टनस्टॉल भर गुत्त्यात म्हणाला होता, "तुझं सगळं एक दिवस पेटेल बघ." त्याचा रॉकेलचा डबा जळक्या मांडवामागे सापडला होता. गुन्हा शाबित झाला तर चार वर्षं तुरुंग. टनस्टॉल एकोणसत्तर वर्षांचा. कबुतरं परत आली की त्यांना दार कोण उघडणार, एवढंच तो पोलिसांना पुन्हा पुन्हा विचारत होता.

आता लीक म्हणजे काय, तर कांद्याच्या पातीचा गलेलठ्ठ थोरला भाऊ. पण त्या मुलखात त्याला भाजी म्हणणाऱ्याला गुत्त्यात कुणी बसू देत नाही. मांडीएवढे लीक पिकवायचे आणि सप्टेंबरात एका शनिवारी सकाळी आठला प्रदर्शनाच्या टेबलावर त्यांची जोडी मांडायची. त्यासाठी माणसं वर्षभर बायकोशी कमी आणि लीकशी जास्त बोलतात. सेप लेडलर सलग सहा वर्षांचा विजेता.

"कसे होते ते, मिस्टर लेडलर?" सरकारी वकिलीणबाईंनी विचारलं.

"काय सांगू बाई," सेपने डोळे पुसले. "जोडी अशी, की जुळ्या भावांनी लाजावं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शन. सातवं वर्ष होतं माझं."

"आणि आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घरी. साडेसहाला वाफ्यावरून आलो. सात वाजता टबात पडलो होतो, मस्त कढत पाण्यात. बायको दार ठोठावत आली. सेप, म्हणाली, तुझा मांडव पेटलाय!"

साहेबांची टॉफी जिथल्या तिथे थांबली.

टबात? शुक्रवारी संध्याकाळी? प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी?

हेपलसाहेबांच्या भाषेला वकिलीच्या कॉलेजने इस्त्री केली होती खरी, पण ते जन्मले होते खाणकामगाराच्या घरात. आणि त्यांचा बाप लीकवाला होता. त्या एका शुक्रवारी त्यांच्या घरात कुणाला आंघोळ मिळायची नाही. दुपारी बाप लीक उपटून आणायचा, तान्ह्या बाळासारखे टॉवेलात गुंडाळून. मग टबात गार पाणी, मऊ ब्रश, मुळांचा एकेक केस विंचरायचा, रात्रभर भिजत ठेवायचं. बाप खाणीतून काळाकुट्ट यायचा आणि तसाच झोपायचा, पण टबाला हात लावायचा नाही. आई म्हणायची, "माझ्या बाळंतपणात याने एवढं पाणी वाहिलं नव्हतं." सबंध परगण्यात हीच रीत. शनिवारी सकाळी उपटून आठाच्या आत कुणी जोडी मांडूच शकत नाही. मुळांतली मातीच निघायला सहा तास जातात.

म्हणजे सेप टबात होता, तर टबात लीक नव्हते. साडेसहापर्यंत वाफ्यावर असलेल्या विजेत्याने लीक जमिनीतच ठेवले, आणि घरी येऊन कढत पाण्यात अंग घासलं. का? कसला वास घालवायचा होता त्याला?

टनस्टॉलला यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. तो कबूतरवाला. कबूतरवाले आणि लीकवाले एकमेकांच्या घरात पाऊल टाकत नाहीत. राहिला त्याचा वकील, मिस्टर ॲशवर्थ. लंडनहून आलेला, गोरागोमटा, ज्याने भाजी फक्त ताटात पाहिलेली. तो उलटतपासणीला उठला तेव्हा साहेबांनी खुर्चीचे दोन्ही सिंह घट्ट धरले.

"तर तुम्ही टबात होतात?" ॲशवर्थने विचारलं.

"होतो."

विचार, बाळा, विचार, साहेब मनात म्हणाले.

"पाणी गरम होतं?"

"चांगलं कढत."

आता! आता पुढचं!

"मग मला सांगा, टबातून ज्वाळा दिसत होत्या का?"

साहेबांच्या घशातून असा आवाज निघाला की कोर्टाची शिपाईबाई, मिसेस स्टॉब्स, पाण्याचा ग्लास घेऊन धावली. ॲशवर्थ पुढे अर्धा तास आरोपीच्या कोटाच्या रंगावर बोलला. कोट तपकिरी होता की मातकट. मग "आणखी काही नाही, साहेब," म्हणून खाली बसला, वर समाधानाने मान हलवली.

सरकारी बाईंनाही काही विचारायचं नव्हतं. सगळं कोर्ट साहेबांकडे बघू लागलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की मिस्टर लेडलर, तुम्ही जाऊ शकता.

साहेबांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. टॉफीने वरची कवळी आणि खालचे खरे दात यांचा विवाह लावून टाकला होता.

बाहेरून त्यांचा चेहरा नुसता गंभीर दिसत होता. आत मात्र माणूस भिंतीवर डोकं आपटत होता. विचारावं का? एकच प्रश्न. पण सेप म्हणाला, 'मी नेहमी सकाळीच उपटतो साहेब, माझी खास पद्धत आहे', तर? आपण गाव सोडून चाळीस वर्षं झाली, रीत बदललीही असेल. मग आपल्याच हाताने म्हाताऱ्याला चार वर्षांसाठी आत ढकललं असं होईल. आणि सेप अडखळला तर ज्यूरीतले बाराजण म्हणतील, जज्जसाहेबांनाच हा खोटा वाटतोय, आपण कशाला डोकं चालवायचं? मग तो बाराजणांचा निकाल कसला? तो खुर्चीचा निकाल. शिसेचोराच्या वेळी आपण सत्याच्याच बाजूने होतो, तरी झालं काय? आणि नाही विचारलं, तर समोर हा टनस्टॉल. तो या घडीला छताकडे बघत बोटांवर कबुतरं मोजत होता.

जबडा सुटत नव्हता, आणि सुटला तरी काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

"साहेबांना बरं नाही का?" कुणीतरी कुजबुजलं. मिसेस स्टॉब्सने दुसरा ग्लास आणला. साहेबांनी पाणी तोंडात घेऊन खुळखुळवलं आणि नजर खाली टेबलावर गेली. तिथे एक कार्ड होतं. खटल्याच्या आरंभी ज्यूरीला सांगायच्या नऊ सूचना त्यावर होत्या. सांगून झाली की साहेब खूण करायचे. खुणा आठच होत्या. कमी बोलायच्या नादात एक राहून गेली होती. साहेबांनी ती वाचली, आणि पुन्हा वाचली.

कडाड्! दातासकट टॉफी सुटली.

"ज्यूरीतील सभ्य जनहो," साहेब रुमाल तोंडाला लावून म्हणाले, "पहिल्याच दिवशी तुम्हाला एक गोष्ट सांगायची माझ्याकडून राहिली. चूक माझी. साक्षीदाराच्या बोलण्यात तुम्हाला काही उलगडा हवा असेल, तर प्रश्न कागदावर लिहून शिपाईबाईंकडे द्या. योग्य असेल तर मी तो विचारेन. नसेल काही, तर तसंही चालेल."

आणि ते थांबले. ज्यूरीकडे बघायचंही त्यांनी टाळलं. भुवई हलली तरी तो प्रश्नच झाला असता. त्यांनी नजर शाईच्या दौतीवर ठेवली. घड्याळाचा काटा एक मिनिट चालला. दुसरं मिनिट. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर ज्यूरीच्या पुढच्या रांगेतला फावड्याएवढ्या हातांचा म्हातारा, ज्याला साहेबांनी मनात लीकवाला ठरवलं होतं आणि ज्याच्यावर सगळी भिस्त होती, तो गाढ झोपला होता. सेपने पिंजऱ्यातून उतरायला पायरीवर पाय ठेवला.

आणि मागच्या रांगेतून कागद फाटल्याचा आवाज आला. मोहरीच्या रंगाचं स्वेटर घातलेली एक जाडजूड बाई लिहीत होती. लिहिताना तिचे ओठ रागाने हलत होते.

चिठ्ठी आली. नियमाप्रमाणे साहेबांनी ती आधी दोन्ही वकिलांना दाखवली.

"माझी हरकत नाही," ॲशवर्थ हळूच म्हणाला, "पण साहेब, हे जरा... स्वच्छतेविषयीचं कुतूहल दिसतंय."

साहेबांनी एकही शब्द न बदलता, आवाजात कसलाही चढउतार न आणता वाचलं. "माझं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली. त्या शुक्रवारी मला आजवर टब मिळालेला नाही. यांना कसा मिळाला? यांचे लीक कुठे होते?"

वर प्रेक्षकांच्या गॅलरीत टोप्या घातलेले कोल्डरिगचे वीसेक लीकवाले बसले होते. ते एकदम पुढे झुकले. सेपच्या चेहऱ्यावरचं रक्त पार गुडघ्यापर्यंत उतरलं.

इथेही साहेबांचं कर्तव्य आडवं आलंच. "मिस्टर लेडलर," त्यांनी दात दाबून सांगितलं, "ज्या उत्तराने तुमच्यावरच गुन्हा येण्याचा संभव असेल, ते उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. समजलं?"

"समजलं," सेप म्हणाला आणि त्याने ओठ मिटले. कायमचे मिटले असं वाटलं. साहेबांना पुढे एक अक्षर विचारता येत नव्हतं.

तेवढ्यात गॅलरीतून एक खर्जातला आवाज आला. "डेंगळे आले असतील. सगळे फुलावर गेले, दुसरं काय!"

"शांतता!" साहेब गरजले. "नाहीतर गॅलरी रिकामी करीन!"

पण वार बसला होता. लीकच्या पोटातून फुलाचा दांडा, म्हणजे डेंगळा, वर आला की तो लीक बाद. टेबलावर नेला तर लोक टोप्या काढून शोक करतात. आणि सहा वर्षांच्या विजेत्याला भर कोर्टात म्हणायचं, की सगळे!

"सगळे?" सेप ओरडला. "कोण म्हणतं सगळे?"

"मिस्टर लेडलर, तुम्ही बांधील नाही—"

"बांधील नाही तर नाही, पण हे मी सांगणारच! एकच गेला होता! जोडीतला एकच! दुसरा तर असा होता साहेब, असा होता, की राणीच्या टेबलावर ठेवावा! पण एकट्याला कोण मांडू देतं? लोक म्हणाले असते सेप लेडलर संपला. म्हणून मी..." त्याने हातातली टोपी पिळली. "म्हणून मी दोघांनाही एकत्रच जाळलं. डबा टनस्टॉलच्या दारात पडलेला होता. हातात आला, तो घेतला."

फावड्याएवढ्या हातांचा म्हातारा आता टक्क जागा होता. त्याने सेपकडे पाहून टोपी काढली. नक्की कशासाठी, ते सांगता येत नाही.

ॲशवर्थ तोंड उघडं टाकून बसला होता. सरकारी बाईंनी खटला पुढे चालवण्यात अर्थ नसल्याचं सांगितलं. ज्यूरीने जागच्या जागी निर्दोष म्हटलं आणि टनस्टॉल पिंजऱ्यातून उतरला. जाता जाता त्याने मिसेस स्टॉब्सला विचारलं, "पाचची बस मिळेल ना हो बाई? सहाला पाखरं येतात."

संध्याकाळी मर्टलने मटणाचा पाय आणि बटाटे वाढले. साहेब एकाच बाजूने चावत होते.

"किती प्रश्न विचारलेस आज?"

"माझा स्वतःचा एकही नाही."

"मग दात कसा तुटला?"

साहेबांनी सगळी हकीकत सांगितली. मर्टल हसता हसता खुर्चीवरून घसरायची राहिली. मग डोळे पुसत तिने सहज विचारलं, "काय रे राजा, तुझ्या वडिलांच्या लीकना कधी आला होता का डेंगळा?"

साहेबांनी काटा खाली ठेवला, डबा जवळ ओढला आणि शाबूत दातांच्या बाजूला एक टॉफी सारली.