आखूड शेपटी

भाऊसाहेबांनी काचेच्या दाराला नाक लावलं आणि हातातला चहा तसाच गार होऊ दिला. बाहेर साखरपाण्याच्या लाल बाटलीवर अंगठ्याएवढा पक्षी येऊन टेकला होता.

"कृतिका, हा उन्हाळ्यात यायचा तो नाही. वेगळाच आहे."

"बाबा, ऑक्टोबर आहे. ओटावातले हमिंगबर्ड केव्हाच माइग्रेट झाले," लेक किचनमधून म्हणाली. "मॉथ असेल एखादा."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना काहीही दिसलं की घरात हेच उत्तर: नीट दिसलं नसेल. नागपुरात चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, पण परवा लेकीनं दिवाळीच्या साडीचा घट्ट झालेला ब्लाउज त्यांच्या हातून काढून घेतला. "राहू द्या बाबा, इथे अल्टर करून देणारी आहे एक." ते फार लागलं होतं त्यांना. आता मात्र ते इरेला पेटले. पक्षी बघणाऱ्या क्लबच्या बाईंना फोन लाव, म्हणून दिवसभर लेकीचं डोकं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या मार्गारेटबाई आल्या. गळ्यात कॅमेरा, चेहऱ्यावर शंका. फोटो नाही म्हटल्यावर त्यांनी ती लपवलीही नाही.

"वेगळा कशावरून, असं विचारताहेत," कृतिका म्हणाली.

"उन्हाळ्यातल्याची शेपटी पंखांच्या खाली उतरायची. याचे मिटलेले पंखच शेपटीच्या खाली येतात, दोराभर. बाही लांब, सदरा आखूड. नीट सांग त्यांना."

कृतिकानं इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटबाई तिच्याकडे नाही, भाऊसाहेबांकडे बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून दाराशी बसल्या.

पाऊण तासानं तो आला. कॅमेरा खटखटला. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला, मग आणखी मोठा करून पुन्हा पाहिला.

"कॅलिओपी," त्या म्हणाल्या. "स्मॉलेस्ट बर्ड इन कॅनडा."

"हाही हमिंगबर्डच. राहतो तिकडे पश्चिमेला, रॉकीज डोंगरांत, म्हणतात," कृतिका घाईघाईनं पुढचं सांगू लागली. "तीस वर्षांत इथे एकदाही पाहिला नव्हता त्यांनी."

क्लबच्या नोंदीत बाईंनी भाऊसाहेबांचं नाव वर लिहिलं, आपलं खाली. भाऊसाहेबांची छाती अशी फुगली, की सदऱ्याची बटणं तटतटली. कधी नव्हे ते त्यांनी दोन कप चहा मागून घेतला.

बाई गेल्यावर कृतिका वरच्या खोलीत गेली आणि खाली येऊन तिनं तो ब्लाउज अन् सुईदोऱ्याचा डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"बाह्या जरा सैल करून द्याल, बाबा?"

भाऊसाहेबांनी सुई दाराच्या उजेडात धरली. दोरा पहिल्याच खेपेला आत गेला.